टीव्ही दारात आला की लॅपटॉपने दार उघडायला हवे

इंदूरच्या टिळकनगरातून एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या विंडोज १० असलेल्या लॅपटॉपवर मुलीच्या लग्नाचे चित्रण, जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या फिती आणि काही नाट्यप्रयोगांची चित्रमुद्रणे आहेत, आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सगळी उत्तम चालतात. दिवाणखान्यातील टीव्हीत क्रोमकास्टची, म्हणजे मोबाइल किंवा संगणकावरून वायफायने चित्र लावून घेण्याची, सोय अंगचीच आहे आणि मोबाइलवरून यूट्यूब त्यावर एका टिचकीत लागते. मात्र व्हीएलसीच्या मेनूत टीव्हीचे नाव कधी दिसते, कधी दिसत नाही. दिसले तरी निवडल्यावर पडदा काळा पडून तसाच राहतो. आणि एखाद्या दिवशी चित्र आलेच, तर ते अडखळत चालते. सबटायटल लावली की तर विचारायलाच नको. दुकानदाराने राऊटर बदलायला सांगितले आहे आणि जावयांनी टीव्ही. मधल्या वाटेत नातवंडांची धावपळ असल्यामुळे केबल टाकायची घरच्यांची तयारी नाही.

दुकानदाराचे आणि जावयांचे, दोघांचेही सध्या ऐकू नका. मी इंदुरात संगणक जोडण्या आणि दुरुस्तीचे काम वीसेक वर्षे करीत आहे आणि या तक्रारीसाठी राऊटर खरोखर बदलावा लागल्याची उदाहरणे माझ्याकडे फारच थोडी आहेत. बहुतेक वेळा दोष सापडतो तो लॅपटॉपमध्येच, आणि तोही दहा मिनिटांत निघण्याजोगा असतो. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते.

आपण मोबाइलवरून यूट्यूब टीव्हीवर लावतो तेव्हा मोबाइल चित्र पाठवत नसतो. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवर जाऊन ते चित्र आणतो. म्हणूनच मोबाइल खिशात ठेवला किंवा त्यावर फोन आला तरी कार्यक्रम सुरू राहतो. व्हीएलसीचेही नेमके तसेच आहे, फरक एवढाच की इथे पत्ता यूट्यूबचा नसून आपल्या लॅपटॉपचा असतो. व्हीएलसी टीव्हीला निरोप देते की माझा पत्ता १९२.१६८.१.२०, दार (म्हणजे पोर्ट) क्रमांक ८०१०, माल तिथून उचल. आणि मग टीव्ही त्या दारावर येऊन चित्र मागतो. आपल्याला वाटते की दुधाचा रतीब घरपोच येतो आहे, प्रत्यक्षात टीव्ही भांडे घेऊन गवळ्याच्या दारात उभा असतो. दार आतून बंद असेल, तर व्हीएलसीत सारे काही सुरळीत दिसते, टीव्हीवर क्रोमकास्टचे चिन्ह झळकते, आणि त्यानंतर काळ्या पडद्याखेरीज काहीही घडत नाही. आपण वर्णन केलेली अवस्था शब्दशः हीच आहे.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, व्हीएलसी जन्मालाच मुळी जाळ्यावरून चित्र दाखवण्यासाठी आली. १९९६ मध्ये पॅरिसच्या इकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी उपग्रहावरून आलेले टीव्हीचे कार्यक्रम वसतिगृहाच्या जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोहोचवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात चित्र पाठवणारा प्रोग्राम वेगळा आणि ते दाखवणारा वेगळा होता. त्यातल्या दाखवणाऱ्याचे नाव व्हिडिओलॅन क्लायंट, म्हणजे व्हीएलसी. पुढे २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि पाठवण्याचे कामही त्याच्याच अंगी आले. टीव्हीत क्रोमकास्टची सोय आहे हे ओळखून त्यावर चित्र लावण्याची क्षमता मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासूनची आहे. आपल्याकडे कोणी पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेली २.२ असेल, तर टीव्ही निवडण्याचा 'रेंडरर' हा मेनू त्यात सापडणारच नाही. 'हेल्प' मेनूतील 'अबाउट'मध्ये आवृत्ती पाहून घ्यावी आणि जुनी असल्यास व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवी उतरवावी.

आता दाराकडे वळू. गेल्या पावसाळ्यात रामबागेतील एका घरी हीच तक्रार घेऊन बोलावणे आले होते. जुना वाडा, दीड हात जाडीच्या भिंती, आणि वरच्या मजल्यावर टीव्ही, त्यामुळे घरातल्या सर्वांनी वायफायलाच दोषी ठरवून ठेवले होते. काकूंनी तर दुसऱ्या राऊटरचे पैसेही काढून ठेवले होते. मी लॅपटॉप उघडून विंडोजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याकडे, येणाऱ्या जोडण्यांची यादी काढली, तर व्हीएलसीच्या नावापुढे दोन लाल खुणा: एक टीसीपीची, एक यूडीपीची (जाळ्यावरून माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती). पहिल्यांदा टीव्हीवर लावताना विंडोजने एक खिडकी दाखवली होती, "या प्रोग्रामला परवानगी द्यायची का?" आणि आठवीतल्या नातवाने, शाळेत शिकवल्याप्रमाणे, अनोळखी खिडकी दिसताच 'कॅन्सल' दाबले होते. विंडोज 'कॅन्सल'चा अर्थ 'नंतर पाहू' असा घेत नाही, 'कायमची बंदी' असा घेतो, आणि बंदीचा नियम गुपचूप लिहून ठेवतो. त्यानंतर परवानगीचा दुसरा नियम आपण किती वेळा जोडला तरी उपयोग होत नाही, कारण दोन्ही असतील तेव्हा बंदीचाच अंमल चालतो. ते दोन लाल नियम पुसले, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडली, खिडकी पुन्हा आली, या वेळी परवानगी दिली, आणि चौथ्या सेकंदाला वरच्या मजल्यावरून नाटकाच्या तिसऱ्या घंटेचा आवाज आला. नातू म्हणाला, "म्हणजे मीच केलं होतं होय!" त्याला मी सांगितले की सवय चांगलीच आहे, सोडू नकोस, फक्त खिडकीत कोणाचे नाव आहे तेवढे वाचत जा.

आपणही हीच तपासणी सर्वांत आधी करावी. नियंत्रण पटलातील (कंट्रोल पॅनल) फायरवॉलच्या प्रगत भागात 'इनबाउंड रूल्स' नावाची यादी असते. तिच्यात व्हीएलसीच्या नावाचे बंदीचे नियम दिसले तर ते काढून टाकावेत. तेवढ्यावर थांबू नये. विंडोज प्रत्येक वायफायला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा शिक्का मारतो, आणि नवी जोडणी करताना आलेल्या प्रश्नाला घाईत नकार दिला की घरचे वायफायही रेल्वे स्थानकावरच्या वायफायच्या पंक्तीत जाऊन बसते. सेटिंगमधील वायफायच्या गुणधर्मांत जाऊन घरच्या जाळ्यापुढे 'प्रायव्हेट' करावे. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मानू नये. एका खिडकीसाठी सगळे घर उघडे टाकण्याचे कारण नाही. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते आणि हाच बंदोबस्त तिच्यातही पाहावा लागतो.

दार खरोखर उघडले की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. व्हीएलसीतून टीव्हीवर चित्र लावण्याचा प्रयत्न सुरू असताना, त्याच वायफायवरील मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे कोलनचे चिन्ह (:) देऊन ८०१० असे टाका. पान सापडले नाही, अशा अर्थाचे का होईना, उत्तर चटकन आले, तर दार उघडे आहे, कारण उत्तर द्यायला आत कोणीतरी आहे. ब्राउझर नुसताच फिरत राहिला आणि शेवटी कंटाळला, तर बाहेरचा माणूस दारापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. लॅपटॉपचा पत्ता सेटिंगमध्ये वायफायच्या तपशिलात सापडतो.

टीव्हीचे नाव यादीत कधी दिसते आणि कधी दिसत नाही, हा प्रकार थोडा निराळा आहे. व्हीएलसी टीव्हीला शोधते ती नावाने हाक मारून नव्हे, तर चौकात उभे राहून दवंडी पिटल्याप्रमाणे. जाळ्यावरील सर्वांना एकदम ऐकू जाईल असा निरोप ५३५३ या यूडीपी दारावर सोडला जातो, आणि ज्याच्यात क्रोमकास्ट आहे तो "मी इथे आहे" म्हणून ओ देतो. ही दवंडी एका जाळ्याच्या वेशीबाहेर जात नाही. आता इंदुरातल्या पुष्कळ घरांत फायबर कंपनीने बसवलेल्या डब्यालाही स्वतःचे वायफाय असते आणि त्याला जोडून घरमालकाने घेतलेला दुसरा राऊटर असतो. लॅपटॉप एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला की दोघांनाही इंटरनेट मिळते, यूट्यूब चालते, पण दोघांची वेस वेगळी असल्यामुळे एकमेकांना हाक ऐकू जात नाही. लॅपटॉप सकाळी एका वायफायवर आणि संध्याकाळी दुसऱ्यावर आपोआप जात असेल, तर 'कधी दिसते, कधी नाही' याचा उलगडा तिथेच होतो. दोघांचे पत्ते समोरासमोर ठेवून पाहावेत: पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे दोन्हीही १९२.१६८.१ ने सुरू होणारे असतील, तर वेस एक आहे. एकाचे १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचे १९२.१६८.० असेल, तर दुसऱ्या राऊटरला 'ॲक्सेस पॉइंट' या प्रकारात टाकून घ्यावे, म्हणजे तो स्वतःची वेगळी वेस आखणार नाही. हे काम कोणताही जाणता मेकॅनिक पंधरा मिनिटांत करतो.

एकाच राऊटरच्या वायफायची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांची दोन नावे असणे हा मात्र सहसा दोष नसतो. ती एकाच घराची दोन दारे असतात. 'गेस्ट' नावाचे वायफाय टाळावे, कारण त्याच्यावर पाहुण्यांनी एकमेकांशी बोलू नये अशीच व्यवस्था असते. काही राऊटरांत हीच आडकाठी मुख्य वायफायवरही 'एपी आयसोलेशन' या नावाने चालू असते, ती बंद करावी. लॅपटॉपवर कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारी खासगी वाट, सुरू असेल तर ते बंद करून पाहावे. आणि 'प्लेबॅक' मेनूतील 'रेंडरर' उघडल्यावरच शोध सुरू होतो, त्यामुळे तिथे पाच-दहा सेकंद थांबावे; अनेक जण यादी रिकामी पाहून लगेच मेनू मिटवतात आणि टीव्ही नाही असे ठरवून मोकळे होतात. भिंतीवरचा टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो पूर्ण झोपत नाही, म्हणून सात-आठ दिवसांत यादीतून गायब होणाऱ्या टीव्हीची पिन मिनिटभर काढून पुन्हा लावणे हा उपाय ऐकायला बाळबोध वाटला तरी लागू पडतो.

नाव निवडल्यावर पहिल्या खेपेला 'असुरक्षित' अशा अर्थाचा इशारा देणारी एक खिडकी येते. टीव्हीचे प्रमाणपत्र कोणा मान्यताप्राप्त संस्थेने नव्हे, तर त्याचे त्यानेच दिलेले असते, म्हणून व्हीएलसी बिचकते. त्या खिडकीतला पत्ता आपल्याच टीव्हीचा आहे एवढे पाहून प्रमाणपत्र पाहण्याचे बटण दाबावे आणि पुढच्या पायरीला कायमची मान्यता द्यावी. इथे 'अबॉर्ट' दाबले की पुन्हा काळा पडदा.

आणखी एक बाब अनेकांना चक्रावून टाकते. फिल्म लॅपटॉपवर आहे, टीव्ही घरात आहे, मग इंटरनेटचा संबंध काय? चित्र घरातल्या घरातच फिरते आणि त्याला इंटरनेटचा डेटा लागत नाही हे खरे. पण टीव्हीतील क्रोमकास्ट चित्र लावण्यासाठीचा आपला छोटा प्रोग्राम दर वेळी गुगलच्या सर्व्हरवरून आणतो. त्यामुळे फायबर तुटलेली असताना वायफाय पूर्ण ताकदीचे दिसत असूनही काम बहुधा सुरूच होत नाही. त्या दिवशी लॅपटॉपला दोष देऊ नये.

आता अडखळण्याविषयी. इथे थोडे गणित करावे लागते, पण ते पाचवीच्या मुलाला जमण्याजोगे आहे. आपल्या लग्नाच्या चित्रणाची लांबी समजा १ तास ५० मिनिटे, म्हणजे ६,६०० सेकंद, आणि फाइल ९.९ जीबीची. जीबीला ८,००० ने गुणून सेकंदांनी भागले की दर सेकंदाला लागणारे मेगाबिट मिळतात: ७९,२०० भागिले ६,६००, म्हणजे १२. ही सरासरी झाली. वरातीतले फटाके, पडणारी फुले, नाचणारी माणसे अशा दृश्यांत तीच गरज दुप्पट-तिप्पट होते. वायफायवर राऊटरच्या खोक्यावर छापलेला ३०० हा आकडा घरात कधीच मिळत नाही. शेजारच्या दहा घरांची वायफाय एकमेकांवर आदळत असलेल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्यक्षात २० ते ३० मेगाबिट हाती लागले तरी नशीब म्हणायचे.

आणि इथेच तो मुद्दा येतो ज्याकडे जवळपास कोणाचेही लक्ष जात नाही. लॅपटॉप आणि टीव्ही दोघेही वायफायवर असतील, तर चित्राचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: एकदा लॅपटॉपवरून राऊटरकडे, दुसऱ्यांदा राऊटरकडून टीव्हीकडे. दोघेही एकाच पट्ट्यावर असल्यास एका वेळी एकालाच बोलता येते, म्हणजे मिळणारा वेग सरळ निम्मा होतो, आणि २५ मेगाबिटांचे साडेबारा उरतात. आपल्या लग्नाला बरोबर बारा हवेत. वरात येईपर्यंत सगळे सुरळीत आणि वरात आली की खोळंबा, असे ज्यांच्याकडे होते त्यांचे कारण हेच. उपाय दोन आहेत. टीव्ही आणि राऊटर एकमेकांना दिसत असतील तर दोन्ही टोके ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. किंवा दोघांपैकी एकाला राऊटरपर्यंत लॅनच्या वायरने जोडावे. आपण केबलला नकार दिला आहे तो टीव्ही ते लॅपटॉप अशा केबलला. परंतु राऊटर बहुधा टीव्हीच्याच कपाटात असतो, आणि तसे असल्यास हातभर वायर टीव्हीच्या मागून सहज जाते, नातवंडांच्या पायाखाली येत नाही. पुष्कळ टीव्हींचे लॅनचे तोंड १०० मेगाबिटांचेच असते, पण ते १०० खरे १०० असतात आणि लग्नाला पुरून उरतात.

अडखळण्याचे दुसरे कारण रूपांतर. टीव्हीतील क्रोमकास्टला सगळ्याच प्रकारची चित्रे कळत नाहीत. एच.२६४ प्रकारचे चित्र आणि एएसी किंवा एमपी३ आवाज त्याला सर्वत्र कळतो; एच.२६५ फक्त नव्या, फोर के क्षमतेच्या उपकरणांना. व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवलेल्या आपल्या फिती बहुधा डीव्हीडीच्या एमपेग-२ प्रकारात किंवा डीव्ही प्रकारात असतील. डीव्ही असल्यास एका तासाला सुमारे १३ जीबी भरतात, यावरून ओळखता येते. एरवी 'टूल्स' मेनूतील 'कोडेक इन्फर्मेशन' पाहावे. टीव्हीला न कळणारी फाइल लावली की व्हीएलसी ती चालू असतानाच तिचे भाषांतर करून टीव्हीच्या पुढ्यात ठेवते. त्या वेळी एक खिडकी बजावते की रूपांतरामुळे प्रोसेसरवर ताण येईल आणि बॅटरी लवकर उतरेल. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला हे दुभाष्याचे काम वेगाने झेपत नाही. पंखा गरगरतो, चित्र दोन सेकंद चालते आणि एक सेकंद थांबते. 'प्रेफरन्सेस'मध्ये क्रोमकास्टसाठी रूपांतराचा दर्जा निवडण्याची सोय आहे. तिथे 'लो सीपीयू' निवडल्यास प्रोसेसर सुटतो, मात्र चित्र जरा फिकट होते आणि वायफायवरचा भार वाढतो. हा तात्पुरता उपाय आहे.

कायमचा उपाय म्हणजे एकदाच शांतपणे रूपांतर करून ठेवणे. हँडब्रेक हा विनामूल्य प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे. लग्नासाठी 'फास्ट १०८०पी३०' आणि कॅसेटींसाठी 'फास्ट ५७६पी२५' ही तयार मांडणी निवडावी. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, म्हणजे ५७६ रेषांच्या आणि सेकंदाला २५ चित्रांच्या असल्यामुळे दुसरी मांडणी त्यांना अंगाबरोबर बसते. कॅसेटींच्या बाबतीत 'डीइंटरलेस'चे गाळणे चालू असल्याची खात्री करावी, नाहीतर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात आणि मोठ्या पडद्यावर त्या फारच खुपतात. रात्री लावून ठेवले की सकाळी तयार. मूळ फाइल मात्र पुसू नये. कॅसेटला बुरशी लागलेली असेल तर उद्या तीच एकमेव प्रत असेल.

चित्र आहे पण आवाज नाही, अशी अवस्था झाली तर क्रोमकास्टच्या त्याच सेटिंगमध्ये आवाज जसाच्या तसा पुढे पाठवण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास बंद करावा. डॉल्बीचा आवाज टीव्हीला कळत नसताना तो तसाच पाठवला की शांतता पसरते.

सबटायटलचे दुखणेही रूपांतराशीच बांधलेले आहे. व्हीएलसी टीव्हीला सबटायटल वेगळी देत नाही, ती चित्रावरच उमटवून देते. त्यासाठी संपूर्ण चित्र नव्याने घडवावे लागते, मग मूळ फाइल टीव्हीला कळणारी असली तरी. म्हणूनच सबटायटलशिवाय नीट चालणारी फिल्म सबटायटल लावताच अडखळते. हँडब्रेकमध्ये सबटायटल चित्रातच पक्की करण्याचा पर्याय आहे. नेहमी पाहायच्या फिल्मसाठी तो वापरावा. मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'यूटीएफ-८' प्रकारात साठवलेली आहे का पाहावे. त्यातही प्रश्नचिन्हेच दिसली तर अक्षरे साठवतानाच हरवली आहेत आणि मूळ प्रत मागवण्यावाचून इलाज नाही. प्रश्नचिन्हांऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसली तर ती कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉण्टमध्ये टंकलेली असणार. आपल्या मध्य प्रदेशात टंकलेखनाच्या दुकानांतून अजूनही कृतिदेवचे राज्य आहे, त्यामुळे नाटकाच्या संहितेवरून कोणी हौसेने सबटायटल टंकून दिली असतील तर ही शक्यता मी आधी तपासेन. तशी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. व्हीएलसीच्या सबटायटलच्या सेटिंगमध्ये फॉण्ट म्हणून निर्मला यूआय निवडल्यास जोडाक्षरे नीट बसतात.

ज्यांच्या टीव्हीत क्रोमकास्ट नाही, विशेषतः सॅमसंगचे टायझेनवाले आणि एलजीचे जुने वेबओएसवाले (ही त्या टीव्हींतील कार्यप्रणालींची नावे), त्यांच्यापर्यंत व्हीएलसी ३ या मार्गाने पोहोचत नाही. त्यांच्यासाठी विंडोजमध्ये फाइलवर उजवी टिचकी देऊन 'कास्ट टू डिव्हाइस' निवडण्याचा डीएलएनएचा, म्हणजे घरातल्या जाळ्यावर फाइल टीव्हीला देण्याच्या जुन्या पद्धतीचा, मार्ग आहे, पण त्यात टीव्हीला जे कळते तेवढेच चालते आणि सबटायटलचा भरवसा नाही. विंडोज आणि के ही कळ दाबून संपूर्ण पडदा टीव्हीवर नेणारे मिराकास्टही आहे. सादरीकरणाला ठीक, दोन तासांच्या नाटकाला मला ते पसंत नाही.

आपल्यासाठी मात्र मी याहून निराळा मार्ग सुचवीन. आपल्या टीव्हीवर अँड्रॉइड टीव्ही असल्यास त्याच्या प्ले स्टोअरवरून व्हीएलसी थेट टीव्हीतच घ्यावी आणि लॅपटॉपवरचे फिल्मचे फोल्डर विंडोजमधून घरातल्या जाळ्यावर सामायिक करावे. मग टीव्हीतील व्हीएलसीच्या 'लोकल नेटवर्क'मध्ये लॅपटॉप दिसतो, त्यातून फाइल निवडली की टीव्ही ती स्वतःच वाचतो; लॅपटॉपला दुभाष्याचे काम राहत नाही, सबटायटल टीव्हीच उमटवतो, आणि पुढे-मागे सरकवणे रिमोटवरून होते. एकच अट: नाव आणि पासवर्ड विचारल्यावर लॅपटॉपचा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. पुष्कळांना तो आठवत नाही, म्हणून आधी शोधून ठेवावा. टीव्हीतला प्रोसेसर अगदीच दुबळा असेल तर डीव्हीसारखी जड फाइल इथेही रखडेल, पण हँडब्रेकमधून काढलेल्या प्रती निर्वेध चालतील.

दोन्ही मार्गांत लॅपटॉप जागा असावा लागतो, कारण दूध त्याच्याच घरी आहे. नाटकाचा दुसरा अंक सुरू होऊन विसाव्या मिनिटाला चित्र बंद पडत असेल, तर लॅपटॉप झोपी गेला असे समजावे. 'पॉवर अँड स्लीप'मध्ये चार्जर लावलेला असताना झोपण्याची वेळ 'नेव्हर' करावी, झाकण मिटल्यावर काय व्हावे याच्या उत्तरात 'डू नथिंग' निवडावे, आणि चार्जर लावूनच फिल्म लावावी. झाकण मिटून लॅपटॉप कपाटात ठेवायचा असेल तर कपाटाचे दार मात्र उघडे राहू द्यावे. रूपांतर चालू असताना तो चांगलाच तापतो.